रिफतदादाच्या दगडावरचं सिमेंट

"हात लावू नका!" रादोस्तिनाबाई ओरडल्या. त्या आमच्या गावच्या शाळेत इतिहास शिकवतात. पुस्तक मिटायचं आणि पोरांना खऱ्या जुन्या वस्तूपुढे नेऊन उभं करायचं, ही त्यांची रीत. आज पोरं आमच्या कबरस्तानात आणली होती, माझ्या भावाच्या दगडापुढे.

बल्गेरियाच्या सरकारनं आम्हा इथल्या तुर्कांची नावं बदलून बल्गेरियन केली, तेव्हा जिवंत माणसांवर त्यांचं भागलं नाही. मेलेल्यांचीही बदलली. रिफतदादा त्याआधीच गेलेला, तरी दफ्तरात त्याचा रुमेन केला मेल्यांनी! दगडावर नाव कोरलेलं होतं, त्यावर सिमेंट थापलं. पुढे आम्हाला देश सोडावा लागला, तुर्कस्तानात बुर्साला उभा जन्म काढला आणि म्हातारपणी परत आलो. आता सगळ्या कागदांवर रुमेनच. रिफत कुठे उरला असेल तर त्या सिमेंटखाली. वहिनीचं, म्हणजे शाझियेचं, काळीज थकलंय असं डॉक्टर सांगून बसलेले. डोळे मिटायच्या आत तिला ते नाव बघायचं होतं. दुसरं काही नको.

म्हणून तर ती पिशवीतून छिन्नी-हातोडा काढत होती.

"शाझियेआजी, दगड मऊ आहे," बाई म्हणाल्या. "आणि हे सिमेंटसुद्धा पुरावाच आहे, तुमच्यावर काय गुदरलं त्याचा. वसंतात सोफियाहून जाणकार येतील. ते हळूहळू काढतील."

"वसंतात!" मी म्हटलं. "तोवर वहिनीला इथंच शेजारी निजवलेलं असेल. मग काय आतून बघेल ती?"

"पण जपायला हवं हो..."

"जपा की! सिमेंट जपा, आमचा भाऊ गेला खड्ड्यात!"

पोरं फिसकन हसली. खरं सांगायचं तर मलाही हसू आलं. वहिनी तेवढी हसली नाही.

"थापलं तुमच्या लोकांनी," मी आणखी टोचलं, "आणि जपणारेही तुम्हीच. वा रे न्याय!"

बाईंचा चेहरा उतरला. "माझे वडील त्यात होते की नाही, मला कधीच कळलं नाही. म्हणूनच म्हणते, पुसू नका."

वहिनी शांतपणे म्हणाली, "बाई, तुम्हाला पोरांना शिकवायचंय. मला नवरा बघायचाय. सरका बाजूला."

बाई सरकल्या. काय करणार बिचाऱ्या!

छिन्नी मी धरली, हातोडा वहिनीनं घेतला. तिनं बेतानंच ठोके घातले. सिमेंटला चीर गेली, अख्खी खपली सुटली आणि खाली पडून तिचा चुरा झाला. मी आधी त्या चुऱ्याकडे बघितलं. त्यात पिवळी भुकटी दिसली, दगडाचीच. मग वर बघितलं. दगडाचं तोंडच सोलून निघालं होतं. एक अक्षर नव्हतं.

बाई गुडघ्यांवर बसून तुकडे चाळायला लागल्या. "ही रेघ बघा, ही अक्षराची असेल," त्या म्हणत होत्या. ती कशाचीही असू शकली असती. मला सिमेंट थापणाऱ्यांचा संताप आला, हातोड्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या बाईंचा, कारण त्यांचंच खरं झालं होतं.

वहिनी त्या खरबरीत दगडावरून तळवा फिरवत राहिली. मी तिला उठवायला गेले, तर माझा हात बाजूला केला तिनं.

"वन्सं," ती म्हणाली, "सिमेंट होतं तोवर आत हे होते हो."