शेवटच्या हप्त्याची तारीख

ऑफिसात मला सगळे खोडरबर म्हणतात. शेवटचा हप्ता भरून सात वर्षं उलटली की माणसाचं थकलेलं कर्ज त्याच्या पतअहवालातून, म्हणजे क्रेडिट रिपोर्टमधून, काढून टाकायचं, हे माझं मुख्य काम. मात्र मध्ये कुणी थोडे पैसे जरी भरले, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

धाकट्या बहिणीची सात वर्षं माझ्या हिशेबाने सोमवारी पुरी होत होती. केक विकायचे म्हणून तिने हप्त्यांवर मोठा ओव्हन घेतला, नऊ हप्ते भरले आणि चार दिवसांच्या तापात ती गेली. तिच्या मृत्यूची नोंद अहवालात व्हायला हवी होती, पण ती करणारा मीच, आणि माझा हात काही धजला नाही. त्यामुळे तिथे ती अजून होती. मेलेली नाही, नुसती थकबाकीदार. सुरुवातीला जेवणाच्या सुट्टीत मी तिचं पान उघडून बसायचो, पुढे तेही सोसेना.

"काढून टाक रे आता," रविवारी आई म्हणाली. त्या ओव्हनमध्ये ती हल्ली पातेली ठेवते. "सुटू दे तिला. तूही सूट."

मी हो म्हणालो आणि मला भडभडून आलं.

सोमवारी पान उघडलं, तर शेवटच्या हप्त्याची तारीख गेल्या महिन्यातली होती. रक्कम किरकोळ, रोख भरलेली. त्याच्या आधीच्या महिन्यात तेवढीच, आणि त्याच्याही आधी. मी आईला फोन केला.

"मी कशाला भरू? कुठे भरायचे तेही मला ठाऊक नाही," ती म्हणाली.

कर्ज देणाऱ्या कंपनीचं ऑफिस दोन रस्ते पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर होतं. तिथल्या खिडकीतल्या बाईंना मी कधीच पाहिलेलं नव्हतं. त्या मात्र ओळखीचं हसल्या आणि त्यांनी पावतीपुस्तक पुढे ओढलं.

"या खात्यावर पैसे कोण भरतं, तेवढं सांगाल?"

"काय चेष्टा करता! दर महिन्याला तुम्हीच तर येता." त्यांनी माझ्या खांद्यावरून जिन्याकडे पाहिलं. "आणि बहिणीला आज तरी आत बोलवा की. दर वेळी बिचारी तिथेच पायरीवर उभी असते."

मी मागे वळलो नाही. मला आता बहीण नाही, हे खातं आजच बंद करा, असं सांगायला मी तोंड उघडलंही. पण तोवर मी पैसे खिडकीतून आत सरकवले होते, आणि बाई पावतीवर आजची तारीख घालत होत्या.