मुंगीचा दांडा

मैत्रिणींनो, आणि मागे हाताची घडी घालून उभ्या असलेल्या मित्रांनो, मी वजन उचलण्याचा एक जुना पोलादी दांडा आहे. माझे वजन पंधरा किलो आणि जाडी पंचवीस मिलिमीटर. पुरुषांचा दांडा वीस किलोंचा असतो आणि माझ्यापेक्षा तीन मिलिमीटरने जाड. तीन मिलिमीटर म्हणजे किती? एकावर एक ठेवलेली दोन नाणी. माझा जन्म एवढ्याशा फरकासाठी झाला.

व्यायाम संस्थेच्या या हॉलमध्ये पूर्वी फक्त जाड दांडे होते. दुपारी हॉल रिकामा असे, म्हणून तेवढा एक तास मुलींना सरावासाठी दिला होता. त्यांत एक बुटकी, काटक मुलगी होती. तिला सगळे मुंगी म्हणत. चिडवण्यासाठी ठेवलेले ते नाव तिने खुशाल स्वीकारले होते. “मुंगी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट उचलते. तू किती उचलतोस रे?” असे ती उलट विचारायची.

मुंगीची अडचण ताकदीची नव्हती, बोटांची होती. जड वजन उचलताना अंगठा दांड्याभोवती गुंडाळून त्याच्यावर बोटे आवळावी लागतात. तिची आखूड बोटे जाड दांड्यावर अंगठ्यापर्यंत पोचतच नसत. स्पर्धेत मुलींना बारीक दांडा मिळतो, सराव मात्र जाड दांड्यावर करायचा. तिने हॉलच्या सेक्रेटरींकडे बारीक दांडा मागितला.

सेक्रेटरी चष्मा पुसत म्हणाले, “चार पोरींसाठी वेगळा दांडा? उद्या म्हणाल, वेगळं छप्पर द्या. आधी एखादं पदक आणून दाखवा. नाहीतर दुपारचा हॉल मी भाड्यानं देणार आहे.”

मुंगी तिथून घरी गेली नाही. ती तडक मावशीच्या कारखान्यात गेली.

मावशी टर्नर होती. लेथवर लोखंड फिरवून त्याला हवा तो आकार देणे हे तिचे काम, आणि तो छोटा कारखाना तिच्याच मालकीचा. नवीन गिऱ्हाईक दारातून डोकावून विचारायचे, “मालक आहेत का?” मावशी मान वर न करता म्हणायची, “बोला.” “नाही, मालकांशीच बोलायचं होतं.” “मग जरा मोठ्यानं बोला, मशीन चालू आहे!”

भाचीचे म्हणणे तिने शेवटपर्यंत ऐकले. मग कोपऱ्यात पडलेला, जुन्या यंत्रमागातून निघालेला एक लांब शाफ्ट तिने पायाने पुढे ढकलला. तो शाफ्ट म्हणजे मी. माझे पोलाद चिवट होते. वाकले तरी पुन्हा सरळ व्हायचे. मावशीने मला लेथवर चढवून बारीक केले. माझ्या दोन्ही टोकांना फिरत्या नळ्या बसवल्या, म्हणजे दांडा मनगटात वळला तरी वजनाच्या प्लेटा सोबत गरगरत नाहीत. आणि शेवटी तिने मला असे पॉलिश केले, की तिला माझ्यात स्वतःचा चेहरा दिसू लागला. कसबी टर्नर आपल्या कामावरून बोट फिरवून पाहतो आणि ते कुठेही अडखळले नाही की खूश होतो. मावशीही खूश झाली.

चूक तिथेच झाली होती.

दुसऱ्या दिवशी मुंगीने मला गुडघ्यापर्यंत उचलले आणि मी तिच्या घामेजल्या मुठीतून साबणासारखा निसटलो. धाडकन आवाज झाला. दारात उभी असलेली पोरे खिदळली. सेक्रेटरी म्हणाले, “अहो, हे लाटणं आहे. घरी न्या, कामाला येईल.”

मुंगीचे डोळे भरले होते. सोबत आलेल्या मावशीने मला खांद्यावर घेतले आणि ती म्हणाली, “रडतेस काय? चूक माझी आहे, तुझ्या हातांची नाही. मी याला बघण्यासारखा केला, धरण्यासारखा केलाच नाही. चल.”

कारखान्यात परत आल्यावर तिने दोन दातेरी चाके माझ्या अंगावर दाबून लेथ सुरू केला. तिरक्या रेषा एकमेकींना छेदत गेल्या आणि माझ्या गुळगुळीत अंगावर बारीक टोकांची जाळी उमटली. याला नर्लिंग म्हणतात. मित्रांनो, मला फार लागले. पण त्यानंतर मुंगीने मला मुठीत धरले, तेव्हा ती टोके तिच्या कातडीत रुतली आणि मी जागचा हललो नाही. गुळगुळीत होतो तेव्हा माझे कौतुक झाले होते. खरखरीत झालो, तेव्हा माझा उपयोग सुरू झाला.

मग कामाचे दिवस आले. मुंगीच्या तळहातांना घट्टे पडले. ती मला डोक्यावर धरून उभी राहायची, तिचे पाय थरथरायचे, आणि बाकीच्या मुली ओरडायच्या, “धर! धर! अजून धर!” मी प्लेटांच्या भाराने वाकायचो आणि पुन्हा सरळ व्हायचो. आम्ही दोघेही तेच शिकत होतो.

ती पदक घेऊन आली. पहिल्या क्रमांकाचे. स्पर्धेत मी नव्हतो, तिथे त्यांचा स्वतःचा दांडा होता. पण आल्या आल्या तिने ते पदक माझ्या टोकाला अडकवले आणि म्हणाली, “बघ, तुझ्या जातभाईनं दिलं.” इतर ठिकाणच्या प्रशिक्षक बायका मावशीकडे बारीक दांडे मागायला येऊ लागल्या. हॉलमधल्या दोन मुली तिच्या हाताखाली लेथ शिकल्या. आता दारातून कोणी “मालक आहेत का?” विचारले, की तिघी एकदम “बोला!” म्हणत.

आणि मग माझा सत्कार झाला. तसल्या सत्कारापासून तुम्ही सावध राहा.

सेक्रेटरींनी भाषण केले, “आमच्या संस्थेनं मुलींना नेहमीच पाठबळ दिलं.” मागच्या रांगेत मावशी इतक्या जोरात खोकली, की लोक वळून पाहू लागले. माझ्या अंगावर चकचकीत वार्निश फासले गेले. जाळीच्या टोकांमधली सगळी जागा त्याने बुजली. मला प्रवेशदाराजवळ काचेच्या पेटीत आडवे ठेवून खाली पितळी पाटी लावली: ‘मुलींना पाठबळ देणारी संस्था’. पुढे मुंगी मोठ्या शिबिरासाठी बाहेर गेली आणि सेक्रेटरींनी दुपारचा हॉल एका कंपनीला भाड्याने दिला. मुली येत आणि दारावरची नवी वेळ वाचून परत जात. मी पाटीच्या वर झोपून ते पाहत होतो. पाहुणे मात्र मला पाहून म्हणत, “वा, किती छान!”

मुंगी परत आली ती प्रशिक्षक होऊन. तिच्यासोबत मावशी होती आणि मागे सगळ्या मुली. मावशीने पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला.

“अहो, हे काय करताय?” सेक्रेटरी धावत आले. “ही ऐतिहासिक वस्तू आहे!”

“वस्तू नाही, दांडा आहे,” मुंगी म्हणाली. “आणि दुपारचा तास आमचा आहे. पदक मागितलंत, आणून दिलं.”

“पण आत त्या कंपनीची बैठक चालू आहे!”

“मग त्यांना खुर्च्या भिंतीकडे घ्यायला सांगा. वजन खाली पडलं की दणका बसतो.”

मावशीने पेटी उघडली आणि तारेच्या ब्रशने माझे वार्निश खरवडून काढले. मुलींनी मला हॉलच्या मधोमध आणले आणि प्लेटा चढवल्या. मुंगीने मला डोक्यावर नेले आणि सोडले. जमीन हादरली. बैठकीतल्या लोकांनी आपणहून खुर्च्या उचलल्या.

“मी वर तक्रार करेन,” सेक्रेटरी म्हणाले.

“करा. मी पण येते. ती पितळी पाटी सोबत आणते, तुम्हीच लिहिलीय ना?” मुंगी म्हणाली.

सेक्रेटरी पुन्हा चष्मा पुसू लागले. दुपार पुन्हा मुलींची झाली. सेक्रेटरींच्या मनाचा मोठेपणा म्हणून नव्हे, मुली रोज येत राहिल्या म्हणून.

आता माझे एवढेच मागणे आहे. सराव झाला की हात घसरू नयेत म्हणून लावलेली, माझ्या जाळीत अडकलेली खडूची पूड ब्रशने काढा. घाम पुसा, नाहीतर मला गंज चढेल. नळ्यांना थेंबभर तेल द्या. माझी खरखर कोणाला टोचत असेल तर टोचू द्या, ती घासू नका. आणि कौतुक करायचेच असेल, तर प्लेट उचला आणि चढवायला मदत करा.

आता जरा मागे सरका. एका नव्या मुलीने माझ्यावर हात ठेवले आहेत, आणि तिला जागा लागणार आहे.