खेळ अर्धवट का सोडलात?

त्या दिवशी दुकानात विशेष काही घडलं नाही. बाबांनी एका पँटची उंची कमी केली, एका जाकिटाची चेन बदलली, चहात साखर कमी पडल्याबद्दल आईकडे रीतसर तक्रार केली आणि आईनं ती रीतसर फेटाळली. जेवणं झाल्यावर गिऱ्हाइकांची वर्दळ ओसरली, तसे ते कापडाच्या ठाणांमागे बसवलेल्या जुन्या टीव्हीसमोर स्टूल ओढून बसले. गळ्यात टेप तशीच लोंबत होती. गेमचा कंट्रोलर त्यांनी हातात घेतला.

मुलगी तेव्हा घरी जेवून पुन्हा ऑफिसला निघाली होती. घर वरच्या मजल्यावर आणि जिना दुकानातच उतरणारा, त्यामुळे बाबांना ओलांडल्याशिवाय कुठं जाता येत नसे.

"बॉबिन, हा तुझा शिंपी बघ," बाबा म्हणाले. लहानपणी ती एका जागी उभी राहून मशीनमधल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी गरागरा फिरायची, तेव्हापासून ती बॉबिन. "पुन्हा टाचण्या तोंडात धरून बसलाय. एक दिवस गिळेल, मग करा धावपळ!"

हे वाक्य जरा दातांतून गाळून आलं, कारण त्यांच्या स्वतःच्या ओठांत तीन-चार टाचण्या होत्या. सकाळपासून काढायच्या राहिल्या होत्या.

"आणि पाठीला हे एवढं पोक," ते पुढं म्हणाले. "असा बसला तर चाळिशीतच वाकेल. तुम्हा लोकांना कुणी खरा शिंपी दाखवला नाही का?"

आईनं काउंटरवरून मुलीकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला. मुलीनं पडद्याकडे बघितलं. गेल्या आठवड्यात खेळात बाबा जिथं होते, तिथंच आजही होते. शिंप्याच्या दुकानात, दाराशी.

का थांबलात, हे तिला विचारायचं होतं. पण ती एवढंच म्हणाली, "बाबा, टाचण्या काढा आधी."

"हुकूम, साहेब," बाबा म्हणाले, आणि काढल्या नाहीत.

ती ज्या कंपनीत होती तिथं व्हिडिओ गेम बनत. कंपनी लहान, म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात दोन-दोन कामं पडलेली. गेममधली घरं आणि माणसं रचणं हे तिचं एक काम. दुसरं काम असं की, गेम बाजारात गेल्यावर ज्यांनी तो अर्धवट सोडला त्यांना फोन करायचा आणि गोड आवाजात विचारायचं, "खेळ अर्धवट का सोडलात?"

साहेबांचं, म्हणजे ऑफिसात ज्यांना सगळे पाठीमागं आकडेबहाद्दर म्हणत त्यांचं, ठाम मत होतं की लोक गेम तीनच कारणांनी सोडतात. एक तर तो अवघड असतो, नाही तर कंटाळवाणा, नाही तर लांबलचक. पण फोनवर येणारी माणसं या तीन कप्प्यांत बसायला तयार नसत. एक बाई म्हणाल्या, "त्या तळ्यातल्या मगरीचं तोंड हुबेहूब माझ्या सासऱ्यांसारखं आहे हो. मारल्याशिवाय पुढं जाता येत नाही, आणि मारायला हात धजत नाही." एका बसड्रायव्हरनं गाड्यांच्या शर्यतीचा गेम दुसऱ्याच दिवशी बंद केला होता. "तिथं एकही माणूस सिग्नल पाळत नाही. माझं डोकं फिरतं," तो म्हणाला. दातांच्या एका डॉक्टरांनी खूप आढेवेढे घेऊन कबूल केलं की मध्ये काही दिवस खंड पडला, आता कुठलं बटण कशाचं हेच आठवत नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची लाज वाटते. नुकतीच आई झालेली एक मुलगी फोनवर कुजबुजत म्हणाली, "गेमला पॉज आहे, बाळाला नाहीये. ठेवते, उठलं!" आणि एका आजोबांनी तर तिलाच उलट विचारलं, "संपवला तर मग रविवारी काय करू? तू येणार आहेस का गप्पा मारायला?"

ती ही कारणं घरी येऊन सांगायची. बाबा मशीन थांबवून ऐकायचे आणि हसून हसून चष्मा पुसायचे. मगरीचा किस्सा तर त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला माप घेता घेता ऐकवला होता, त्यामुळे त्या महिन्यात कित्येकांच्या छातीची मापं हसण्यात वाढीव निघाली.

बाबा स्वतः मात्र गेम सोडणाऱ्यांतले नव्हते. अंगावर घेतलेलं काम पुरं करायचं, हा त्यांचा खाक्या. ट्रक मागं घेऊन नीट लावायचा एक रटाळ गेम होता. बनवणाऱ्यांनीही तो शेवटपर्यंत खेळला असेल की नाही, शंकाच होती. बाबांनी तो कपाळाला आठ्या घालत, बनवणाऱ्यांचा उद्धार करत, शेवटचा ट्रक लागेपर्यंत खेळला.

आणि तिचा गेम मात्र शेवटच्या दाराशी येऊन सोडला.

तो गेम साधा होता. एक लहानसं नदीकाठचं गाव आहे, पाणी दरवर्षी थोडं वर सरकतंय, म्हणून गावकरी दुसरीकडे राहायला निघालेत. खेळणाऱ्यानं घरोघरी जायचं, सामान बांधायला मदत करायची, निरोप घ्यायचा आणि ते घर बंद करायचं. सर्वांत शेवटी शिंप्याचं दुकान. ते बंद केलं की सगळे नावेत बसतात आणि खेळ संपतो. ते गाव तिनं रचलं होतं, आणि त्यातला शिंपी तिनं बाबांवरून बेतला होता. त्यांचं ते पोक काढून बसणं, टाचण्या, मान तिरकी करून दोरा ओवणं, सगळं. हे तिनं त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनीच ओळखावं आणि चकित व्हावं, असं तिला वाटत होतं. बाबांनी ओळखलं तर नाहीच, उलट रोज त्या शिंप्याला नावं ठेवली. आणि मग खेळच पुढं नेईनात.

दिवसभर परक्या माणसांना जो प्रश्न ती सहज विचारायची, तोच घरच्या माणसाला विचारताना तिची जीभ रेटेना. उत्तर 'कंटाळवाणा' असं आलं असतं तर? बाबा खोटं बोलायचे नाहीत. बिघडलेल्या शर्टाला ते बिघडलेलाच म्हणत, मग तो त्यांनी स्वतः का शिवलेला असेना.

त्या दुपारनंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी बाबांनी कात्री हातात घेतली, "जरा बसतो," असं म्हणाले आणि बसले. ते पुन्हा उठले नाहीत.

पुढचे दिवस कसेबसे गेले. मग आईनं एक दिवस दुकानाचं शटर उघडलं. काज-बटणं आणि दुरुस्तीची कामं ती पहिल्यापासूनच करायची. मुलगी ऑफिसला जाऊ लागली. सगळे तिच्याशी इतक्या हळू आवाजात बोलत की तिलाच त्यांची कीव येई.

एका दुपारी ती फोनला बसली. संगणक एकेक नंबर पुढं करत होता, ती लावत होती. तिच्याच गेमचे नंबर होते. बरेच जण शेवटच्या दाराशीच थांबले होते, आणि आकडेबहाद्दरांना त्याचा घोर लागला होता. पुढचा नंबर आला, आणि तिचा हात थांबला. तो नंबर तिला शाळेत असल्यापासून पाठ होता. दुकानाचा होता.

शेजारून आकडेबहाद्दरांनी वाकून बघितलं. त्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

"अरे... हा मी करतो. किंवा राहू दे. एकानं काय फरक पडतो?"

आकड्यांवर जीव टाकणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकून तिला एकदम हसू आलं.

"नको, साहेब. मीच करते," ती म्हणाली.

पलीकडे घंटा वाजली. मग आईचा आवाज आला, "हॅलो, टेलर!"

"नमस्कार," मुलगी म्हणाली. सवयीनं पाठ झालेली वाक्यं आपोआप बाहेर पडली. "आपण आमचा गेम घेतला होतात. तो अर्धवट राहिलेला दिसतोय. आपला थोडा वेळ घेऊ का?"

"हा फोन रेकॉर्ड होतोय का?" आईनं विचारलं.

"हो."

आईनं घसा साफ केला. शाळेच्या समारंभात आभार मानायला उभी राहिल्यासारखी ती बोलू लागली. "नमस्कार. सदर गेम आमचे यजमान खेळत असत. ते आता हयात नाहीत. परंतु तुमची माहिती चुकीची आहे. त्यांनी गेम सोडलेला नव्हता."

"पण आमच्याकडे दिसतंय की ते बरेच दिवस पुढंच गेले नाहीत."

"पुढं गेले नाहीत म्हणजे सोडला होय गं?" आईचा समारंभी आवाज एका फटक्यात उतरला. "रोज दुपारी बसायचे की! तू काय आंधळी होतीस? ए, हे रेकॉर्ड झालं का?"

"झालं."

"होऊ दे. तू घरी ये. फोनवर दाखवता येत नाही ते."

आकडेबहाद्दरांनी हातानंच 'जा, जा' केलं.

ती दुकानात पोचली तेव्हा आई ठाणांमागच्या स्टुलावर बसली होती. टीव्ही चालू होता. पडद्यावर तेच दुकान, तोच शिंपी, तेच दार.

"तू खेळतेस?"

"खेळते कसली? मला त्या रिमोटमधलं एकच बटण कळतं, चालू करायचं. शटर उघडलं की हेही उघडते. यांनी एवढे दिवस थांबून उघडं ठेवलं, मी मध्येच बंद कसं करू?"

"कशासाठी थांबले होते, आई?"

आईनं बोट दाखवलं. पडद्यावरच्या दुकानात, शिंप्याच्या मागं, कोपऱ्यात लाकडी पुतळ्यावर एक कोट चढवलेला होता. राखाडी. त्यावर पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टाके दिसत होते.

"कच्चे टाके आहेत," आई म्हणाली. "म्हणजे ट्रायल राहिलीय. हे पहिल्याच दिवशी म्हणाले, अगं, याचं गिऱ्हाईक अजून यायचंय. ट्रायलचा कोट दुकानात लटकत असताना कुलूप लावायचं नसतं."

मुलगी तोंडात मारल्यासारखी बघत राहिली. तो नियम तिला चांगलाच ठाऊक होता. ट्रायलला न आलेल्या एका नवरदेवापायी बाबांनी एकदा सगळ्यांची सहल लांबवली होती. बॅगा भरलेल्या, बूट घातलेले, आणि बाबा दारात उभे राहून रस्त्याकडे बघतायत.

"मग ते रोज काय करायचे?"

"काय करणार! त्या दाराशी जाऊन उभे राहायचे आणि रस्ता बघायचे. एकदा ओरडले, आलं गं आलं! मी हातातलं टाकून धावले. बघते तर मांजर."

"मांजर मीच सोडली होती तिथं," मुलगी पुटपुटली. "रस्ता फार रिकामा दिसत होता."

"आणि कोटाचं गिऱ्हाईक कधी सोडणार होतीस?"

"आई..." तिला आता काय तोंड करावं ते कळेना. "कोटाला गिऱ्हाईकच नाहीये. तो कोपरा मोकळा दिसत होता, म्हणून मी तिथं कोट टांगला. नुसता शोभेला. शिंप्याचं दुकान वाटावं म्हणून कच्चे टाके काढले."

आईनं तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"म्हणजे हे इतके दिवस एका शोभेच्या कोटासाठी ताटकळत होते?"

"हो."

पहिल्यांदा कोण हसलं ते सांगता येणार नाही. आई काउंटरला धरून हसली, मुलगी ठाणांवर रेलून हसली. बटण लावून घ्यायला आलेले एक गृहस्थ दारातूनच "नंतर येतो," म्हणून परत फिरले. हसता हसता दोघींच्या डोळ्यांना धारा लागल्या, आणि त्या पुसायची कुणी घाई केली नाही.

"मला एकदा सांगायचं तरी त्यांनी," मुलगी म्हणाली.

"तूही कुठं विचारलंस? ते म्हणायचे, पोरीनं काहीतरी मनात धरून ठेवला असेल तो कोट, आपण विचारून मजा घालवायची नाही. ती नीट काम करते, धागासुद्धा वाया घालवायची नाही."

मुलीला वाटत होतं, बाबांना खेळ आवडला नाही. आणि बाबांनी तर तिच्या हातची प्रत्येक वस्तू खरी मानली होती. इतकी, की एका रंगवलेल्या कोटाचासुद्धा त्यांनी मान राखला.

"आणि शिंपी?" तिनं विचारलं. "शिंप्याला त्यांनी ओळखलं का?"

"छे! मी एकदा म्हटलं, अहो, हे तुम्हीच आहात. तर माझ्यावरच डाफरले. म्हणे, मी काय असा पोक काढून बसतो?"

"कसे बसले होते तेव्हा?"

"पोक काढून."

आई डोळे पुसत उठली आणि मघाच्या गृहस्थांना हाक मारायला दारात गेली. मुलगी स्टुलावर बसली. कंट्रोलर तिनं मांडीवर घेतला, पण एकही बटण दाबलं नाही. पडद्यावर शिंप्यानं मान तिरकी करून सुईत दोरा ओवला. बाहेर आई कुणाला तरी सांगत होती, "या हो, या, झालं आमचं हसून." मग ती गृहस्थांना घेऊन आत आली, तरी मुलीला संकोच वाटला नाही. ऑफिसातल्या गोड आवाजात नाही, दुकानात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हाक मारायच्या आवाजात ती म्हणाली,

"बाबा, हा शिंपी तुम्हीच आहात. तुम्ही असेच बसता. लहानपणापासून मी तुम्हालाच काम करताना बघत आले, मला दुसऱ्या कुणासारखा शिंपी काढताच आला नसता."