गौतमने भरलेला आवाज

नामदेवरावांना राग यायला तसं फार काही लागत नसे. पण गेल्या वर्षी उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, तेव्हापासून राग नुसता यायचा आणि बाहेर पडायची वाट बंद. शिवी द्यायची म्हटली तरी ती तोंडातच घोटाळायची. समोरचा विचारायचा, ‘काय म्हणालात?’ आणि पुन्हा दिलेल्या शिवीत कसला आलाय दम.

सव्वीस वर्षं या माणसाने गौलीगुड्याच्या बस स्टँडावर घोषणा केल्या होत्या. आधी तेलुगूत, मग उर्दूत, आणि नांदेड, उदगीर, लातूरची गाडी असली की नियमात नसताना मराठीतही. प्रत्येक घोषणा ‘लक्ष द्या’ने सुरू, आणि दोनदा. पहिल्यांदा लोक नुसते दचकतात, ऐकतात ते दुसऱ्यांदा, असा त्यांचा सिद्धांत होता. तो आवाज कानी पडला की माणसं हातातला चहा अर्धा टाकून गाडीकडे पळायची. आता त्याच माणसाला स्वतःच्या घरात पाणी तीनदा मागावं लागत होतं. तारामतीबाईंना पहिल्या खेपेस कळायचं, पण बायकोची गोष्ट वेगळी. चाळीस वर्षांत ती न बोललेलंही ऐकायला शिकली होती.

मुलगा गौतम सायबर टॉवर्सकडे सॉफ्टवेअरमध्ये होता. राहायला कोंडापूरला, पाचव्या मजल्यावर. दर रविवारी गौलीगुड्याला यायचा, पण यायचा म्हणजे काय, शरीर यायचं. कानात ते काळं ब्लूटूथ, त्याचा निळा दिवा लुकलुकतोय, आणि हा उंबऱ्यात उभा राहून हवेशी बोलतोय. सुरुवातीला तारामतीबाई त्याला उत्तरं द्यायच्या. ‘जेवलास का’ला तो ‘शुअर, मंडेपर्यंत पाठवतो’ म्हणाला तेव्हापासून त्यांनी सोडून दिलं.

त्यानेच घरची लँडलाइन काढून टाकली. मोबाइलच्या जमान्यात ते खोकं कशाला, म्हणाला. आणि मग एका रविवारी अप्पांसाठी मोबाइल आणि तसंच एक ब्लूटूथ घेऊन आला. हेतू चांगला होता, हे सांगायलाच हवं. वाईट हेतूच्या माणसावर निदान सरळ चिडता तरी येतं. नामदेवरावांचा उजवा हात निकामी, डाव्याला जुनी थरथर. मोबाइलची ती तांदळाएवढी बटणं दाबायला गेलं की एकदम तीन दाबली जायची. ब्लूटूथला मात्र एकच बटण. कानावर थाप मारल्यासारखं दाबायचं, टुक् वाजलं की नाव उच्चारायचं, फोन आपला आपण लागतो. हात लावायलाच नको.

त्यासाठी आधी फोनमध्ये प्रत्येक नावाचा आवाज भरावा लागत होता. नामदेवराव पुढे सरसावून बसले, घसा खाकरला. आयुष्यभर माइकपुढे बसलेला माणूस तो. गौतमने फोन स्वतःच्या तोंडाशी धरला.

“राहू द्या अप्पा. तुमचं आता साफ येत नाही, त्याला कळणार नाही. मीच भरतो.”

आणि त्याने भरलं. शैला, म्हणजे त्याची थोरली बहीण, विद्यानगरला शाळेत शिकवणारी. डॉक्टर. गौतम. तीन नावं, अर्ध्या मिनिटात. मग बटण दाबून ‘शैला’ म्हणाला, लगेच विद्यानगरला घंटी वाजली, तारामतीबाईंनी कौतुकाने हात जोडले, आणि चहा संपायच्या आत साहेब कोंडापूरला रवाना. ज्याचा फोन, त्याला एकदा बोलून बघा म्हणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सोमवारी नामदेवरावांनी बटण दाबलं. टुक्. “शैया,” ते म्हणाले. ल अजून जिभेवर बसत नव्हता. कानात दोनदा टुक्-टुक् झालं आणि फोन गप्प. पुन्हा. टुक्-टुक्. डॉक्टर म्हणून पाहिलं, गौतम म्हणून पाहिलं. टुक्-टुक्.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि चूक झाली ती इथे. सांगितलं असतं तर गौतम म्हणाला असता, ‘मी म्हटलं नव्हतं का.’ तेवढं एक वाक्य ऐकायला लागू नये म्हणून म्हातारा हट्टाला पेटला. दुपारी तारामतीबाई आडव्या झाल्या की आरशापुढे बसायचा. शैला, शैला, शैला. लाळ गळायची, ती पुसायची, पुन्हा शैला. मग वाटलं, गौतमसारखं भराभर म्हणून बघावं. पासष्टीच्या माणसाने पोराच्या आवाजाची नक्कल करत बसायचं, स्वतःच्याच मुलीला फोन लावण्यासाठी. तारामतीबाईंना वाटलं डॉक्टरांनी दिलेला जिभेचा व्यायाम चाललाय, त्यांना बरंच वाटलं.

गुरुवारी तारामतीबाईंचा उपास. साखरेची गोळी मात्र त्यांनी घेतली, उपासाला औषध चालतं म्हणून. अकराच्या सुमारास स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला, आणि मागोमाग त्या पडल्याचा.

नामदेवराव काठीने पोचेपर्यंत तारामतीबाईंचे डोळे फिरले होते, अंग घामाने भिजलं होतं. नामदेवरावांनी कानावर थाप मारली. शैला. टुक्-टुक्. डॉक्टर. टुक्-टुक्. गौतम, गौतम, गौतम. किती वेळा म्हणाले ते त्यांना नंतर सांगता येईना. बायको पायाशी पडलेली, आणि कानात ते टुक्-टुक्. शेवटी ते गॅलरीत गेले आणि खाली गल्लीत ओरडले. ज्या आवाजाने भरलेला स्टँड हलायचा तो आवाज गल्लीच्या नळापर्यंतही धड गेला नाही. जाणाऱ्या दोघांनी वर पाहिलं. एक जण हसून म्हणाला, “सुबू-सुबू चढा लिए क्या चचा?” आणि पुढे गेला.

मग त्यांनी डाव्या हाताने पाण्याचा पितळी तांब्या उचलला आणि कठड्यावरून खाली फेकला. तो खालच्या पिठाच्या गिरणीच्या पत्र्यावर आदळला, तेव्हा गिरणीवाला अंबाजी शिव्या देत वर आला, आणि दारातून आत बघताच शिव्या गिळून त्याने तारामतीबाईंना उचललं. दवाखान्यात कळलं, साखर एकदम उतरली होती. अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टरीण म्हणाली.

संध्याकाळी गौतम आला, कानात निळा दिवा लुकलुकत. शैलाही आली होती. तारामतीबाई शुद्धीवर होत्या, नळी लावलेली. गौतमने आईच्या कपाळावर हात ठेवला, डॉक्टरणीशी इंग्रजीत बोलला, मग बापाकडे वळला. फोन का नाही केला, विचारलं. नामदेवराव सांगायला लागले की केला होता, पण वाक्य पुरं व्हायच्या आत गौतमने त्यांच्या कानातलं ब्लूटूथ काढून स्वतःच्या दुसऱ्या कानात अडकवलं, बटण दाबलं आणि ‘शैला’ म्हणाला. शेजारी उभ्या असलेल्या शैलाच्या पर्समध्ये फोन वाजला.

“चालतंय की व्यवस्थित. नीट म्हणायचं होतं ना अप्पा.”

डॉक्टरणीसमोर, नर्सच्या देखत. शैला म्हणाली, जाऊ दे ना, आत्ता नको. पण नजरेत तिच्याही तेच होतं, बिचारे अप्पा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. नामदेवरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच कोंडून राहिली, कारण यंत्र तर चाललं होतं. चाललं नव्हतं ते तोंड.

गौतमने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आता या दोघांना एकटं ठेवणं रिस्की आहे. रविवारी सामान हलवायचं, कोंडापूरला न्यायचं, गौलीगुड्याचं घर बंद. आईला विचारलं नाही कारण ती झोपली होती. बापाला विचारलं नाही कारण उत्तर यायला वेळ लागला असता. रात्रभर दवाखान्याच्या बाकावर नामदेवराव दातओठ खात बसले, आणि सगळ्यात जास्त राग त्यांना स्वतःच्या जिभेचा आला. ऐन वेळेला बायकोला दगा दिला तिने.

शनिवारी सकाळी तारामतीबाईंना घरी आणलं. शैला त्यांच्यापाशी बसली होती. नामदेवरावांनी फोन आणि ब्लूटूथ पिशवीत टाकलं, अंबाजीचा हात धरला आणि कोठी भागात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या महमूदच्या दुकानात गेले. हे परत करायचं, विकायचं, नाहीतर गटारात टाकायचं, एवढंच डोक्यात होतं. अंबाजीनेच सगळी हकीकत सांगितली.

महमूदने फोन उघडून पाहिला आणि विचारलं, इसमें आवाज किसकी भरे? पोराची, अंबाजी म्हणाला. महमूदने फोन काचेवर ठेवला.

“चचा, इसकू जबान नै आती. नाम-बीम कुछ नै समझता ये. जिसकी आवाज भरे, उसकीच आवाज से मिला के देखता. बकरे की आवाज भरो, तो बकरा बोले तो लगता.”

नामदेवरावांना पहिल्यांदा ते नुसतं ऐकू आलं, महमूदने पुन्हा सांगितलं तेव्हा कळलं. महमूदने जुना आवाज पुसला, फोन त्यांच्या तोंडाशी धरला आणि जसं येतंय तसं बोला म्हणाला.

“शैया.”

मग बटण दाबून पुन्हा म्हणायला लावलं. “शैया.” टुक्. आणि फोन लागला. घरून शैलाचा आवाज आला, “अप्पा? कुठे आहात?” महमूदनेच सांगितलं की सगळं ठीक आहे.

मग डॉक्टर भरलं, मग गौतम. दोन मिनिटं. दोन मिनिटांचं काम होतं. जीभ जड असेना का, यंत्राला तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त तोच माणूस हवा होता, आणि त्या माणसाला पोराने बाजूला सारलं होतं. आरशापुढे लाळ पुसत काढलेल्या त्या दुपारी त्यांना आठवल्या. गॅलरीखालचं ते हसू आठवलं. घरी परत येताना ते अंबाजीचा हात सोडून काठी आपटत पुढे चालले, आणि अंबाजीला वाटलं, म्हातारा आनंदात आहे.

रविवारी गौतम खोकी आणि दोरी घेऊन आला. टेंपो दुपारी यायचा होता. तारामतीबाई उशीला टेकून बसल्या होत्या, शैला भांडी बांधायची की नाही या विचारात उभी. नामदेवरावांनी मुलाला खूण करून समोर बसवलं, कानातलं ब्लूटूथ काढून त्याच्या हातात दिलं आणि ‘शैला’ एवढंच म्हणाले, त्यांच्या पद्धतीने.

“आता ते कशाला अप्पा,” गौतम म्हणाला, पण घातलं. बटण दाबलं. “शैला.” त्याचा चेहरा जरा बदलला. पुन्हा दाबलं, जरा मोठ्याने म्हणाला. तिसऱ्यांदा नीट, शब्द तोडून. मग ब्लूटूथ काढून उलटसुलट बघत म्हणाला, “बिघडलंय वाटतं.”

नामदेवरावांनी ते परत घेतलं, कानात अडकवलं, थाप मारली. “शैया.” शैलाची पर्स वाजू लागली. तिने फोन काढला, पडद्यावरचं नाव पाहिलं, आणि बापाकडे पाहून एकदम खाली बसली. तिला कळलं होतं. गौतमलाही कळलं, सॉफ्टवेअरमधला माणूस, न कळायला काय झालं. तो लाल झाला.

तेवढ्यात त्याचा स्वतःचा कान लुकलुकला. हात सवयीने वर गेला.

“काढ ते,” नामदेवराव म्हणाले. हे मात्र स्वच्छ आलं.

गौतमने कानातलं काढून टेबलावर ठेवलं. नामदेवराव बोलायला लागले. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. तुझी आई तिथे जमिनीवर पडली होती, इथवर यायला त्यांना बराच वेळ लागला, आणि तेवढ्यात गौतम घाईघाईने म्हणाला, हो अप्पा, चुकलं माझं, मान्य आहे, सॉरी. नामदेवरावांनी डाव्या हाताने टेबलावर असा तडाखा दिला की चहाचा कप उलटला. तारामतीबाई हळूच म्हणाल्या, “त्याईला बोलू दे गौतम.”

नामदेवरावांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

“लक्ष द्या. तुझी आई जमिनीवर पडली होती. मी तुला बोलावत होतो. जीभ माझी लंगडी आहे. पण तू मला एकदा बोलून बघू दिलं नाहीस. दवाखान्यात वर मलाच शिकवलंस. आम्ही इथून हलणार नाही.”

ल, र, ळ सगळे घसरत होते, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती, आणि ती पुसायला ते थांबले नाहीत. कुणी मध्ये शब्द पुरवला नाही. टेबलावर गौतमचा निळा दिवा लुकलुकत होता. चहा पसरत त्याच्या खोक्यांपर्यंत गेला होता. गौतम मान खाली घालून बसला होता आणि आता संपलं असं वाटून त्याने वर पाहिलं.

नामदेवरावांनी श्वास घेतला आणि तीच घोषणा पहिल्यापासून दुसऱ्यांदा सुरू केली.