विठूने सांगितलेले पाच शब्द

हे तुम्हाला पटणार नाही. माझ्या थापांवर अख्खं रोडपाली हसतं, यावर मात्र कोणी हसलं नाही. डायलिसिसच्या खाटेवर पडल्यापडल्या मी परीक्षेत पहिला आलो.

रात्री जेवताना हेच घरात सांगायला बसलो. समोर मुलगा दीपेश, त्याच्या हातात माझ्या स्कूटरची किल्ली. त्याचं ठरलेलं होतं, परीक्षा पास झालो तर किल्ली माझी. नाहीतर यापुढे दवाखान्यात जायचं ते त्याच्या गाडीत, मागच्या सीटवर, मिरवणुकीतल्या मूर्तीसारखं. बायको वेणू मला अळणी भाजी वाढत होती. पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात राबलेल्या घराला ही शिक्षा.

"तर डॉक्टर रुचिराबाईंनी कपाळावर पट्टी चिकटवली," मी म्हणालो. "मेंदूला किती प्राणवायू पोचतो ते पडद्यावर दिसतं. आकडा घसरला की डोकं मंद होतं म्हणे. म्हणून मशीन चालू असतानाच त्या पाच शब्द सांगतात आणि नंतर विचारतात."

"आणि तुमचा घसरला," दीपेश म्हणाला.

"घसरणारच. जाताना पळस्प्यापर्यंत चक्कर मारली, रसवंतीत दोन ग्लास प्यायलो." वेणूने पळी आपटली. मी थांबलो नाही. "अंगात पाणी जास्त, म्हणून मशीनने जास्त ओढलं, बीपी पडलं. आकडा उतरायला लागला, ओहोटीसारखा. तेव्हा मला नळीतून माझ्या आठवणी जाताना दिसल्या. आधी आपल्या होडीचं नाव गेलं. मग तुझ्या आज्याचा चेहरा. भिंतीतून खाडी आत आली, खाटांच्या पायांना लागली. नर्स त्यातून चालत होत्या, पण कोणाची चप्पल भिजत नव्हती."

दीपेश जेवायचा थांबला. "आणि शब्द?"

"तेही गेले. पण शेजारच्या खाटेवर आपला विठू होता ना. म्हणाला, दाज्या, तुझे शब्द माझ्या नळीत आलेत, घे परत. आणि एकेक सांगत गेला. छत्री, बैल, कंदील, पेरू, शिडी. शाळेतही मला तोच उत्तरं सांगायचा. बाई म्हणाल्या, पाचही बरोबर."

"पाचही?"

"विचार त्यांना."

दीपेशने किल्ली माझ्या ताटाशी सरकवली. मी उचलणार, तेवढ्यात वेणूने तिच्यावर हात ठेवला.

"विठूभावजी शिमग्याच्या आधीच गेले," ती हळू म्हणाली. "तुमी खांदा दिला त्यांना. त्या खाटेवर आता कळंबोलीची बाई असते." किल्ली तिने मुठीत घट्ट धरली होती. "ही थाप हाय ना? थाप हाय म्हणा, लगेच देते किल्ली."