पोरी पोचवणारी गुणाबाई

त्या दिवशी बायजाबाईच्या खळ्यावर आम्ही सात-आठ जण भात झोडत होतो. ऑक्टोबरचं ऊन असं, की डोक्यावरचा पदर तापून कपाळाला चटका बसावा. भाताची कुसं घामाला चिकटून मानेला आग लागलेली. बायजाबाईची सून हेमाली माझ्याच शेजारी फळीवर भारा आपटत होती. तेवढ्यात तिचा नवरा भूपेश राहनाळच्या गोदामातली रात्रपाळी संपवून आला. मोटारसायकल बांधावर उभी केली आणि चपला न काढता तसाच खळ्यात शिरला.

"भावाला फोन केलतास?"

"आयची तब्बेत इचारली, बस."

एवढंच झालं. त्याने तिचा अंबाडा मुठीत धरला आणि ज्या फळीवर आम्ही भात झोडत होतो, त्याच फळीवर तिचं तोंड आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या वेळी दात तुटल्याचा आवाज मला नीट ऐकू आला. बायजाबाई ओरडली खरी, पण काय ओरडली?

"आरं, भाताव रगत पडतंय! बाजूला घे तिला!"

आणि आम्ही? खोटं कशाला बोलू, माझे हात चालूच होते. सगळ्यांचेच चालू होते. नवरा-बायकोच्या भांडणात पडला तो मेला, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. शिवाय आमचे हे, तुळशीराम, गावचे पोलीस पाटील. बांधावर बसून ते तंबाखू मळत होते. पोलीस पाटीलच बसलेला, तर पाटलीण कशाला उठेल?

हेमाली तोंडाला पदर लावून उठली आणि थेट गुणाबाईच्या ओट्यावर गेली.

आमच्या गावात ही रीतच होती. मार खाल्लेली सून माहेरी पळाली तर घराची लाज जाते. म्हणून ती गुणामावशीच्या ओट्यावर यायची. मावशी एकटी राहणारी, साठीची, विधवा, गावभर तिच्या शब्दाला वजन. ती पोरीला पेज पाजायची, हळद लावायची, तांदूळ-नारळाने ओटी भरायची आणि हाताला धरून सासरी पोचवायची. नवरा मावशीच्या पाया पडायचा, "पुन्ना हात न्हाय लावनार" म्हणायचा, की मिटलं. मावशीने पोचवलेली पोर परत सासरचा उंबरा सोडत नाही, असं सगळे अभिमानाने सांगायचे. त्या संध्याकाळीही मावशीने तेच केलं. हेमालीचा ओठ सुजून तोंड ओळखू येत नव्हतं, पण ओटी मात्र भरगच्च होती.

पंधरा दिवसांनी अंबाडीला शिबिर लागलं. घरात मार खाणाऱ्या बायांना कशी मदत करायची, ते शिकवणारं. नर्सबाया, अंगणवाडीच्या बाया, बचत गटवाल्या, आजूबाजूच्या गावांचे पोलीस पाटील, सगळ्यांना बोलावणं. ग्रामपंचायतीने गुणामावशीचं नाव दिलं. भांडणं मिटवण्यात तिचा हातखंडा ना! गटातून मी गेले. मला शिकायची हौस होती असं नाही. दोन दिवस पुरी-भाजी होती आणि घरातून सुटका होती.

शिकवायला भिवंडीहून मेघाली नावाची मुलगी आली होती. वय फार तर तीस. आमचे हे माझ्या कानात म्हणाले, "ही काय शिकवनार आपल्याला? हिचं लगीन तरी झालंय का?"

पहिला दिवस सगळा तिच्याच बोलण्यात गेला. आलेल्या बाईला "तू काय केलंस?" असं विचारायचं नाही. आधी जखम बघायची. मिटवामिटवी करायची नाही. ती कुठे आहे, हे घरच्यांना कळू द्यायचं नाही, कारण बाई घर सोडते तेव्हाच जिवावरचा मार पडतो. १८१ वर, नाही तर ११२ वर फोन करायचा. मावशी हे सगळं ओठ मुडपून ऐकत होती. तिचा अपमान झाल्यासारखं मला वाटलं. जन्मभर जे पुण्य म्हणून केलं, त्याला ही पोर चूक म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी मेघालीने नाटक करायला लावलं. मावशीने मार खाल्लेली बाई व्हायचं आणि आमच्या ह्यांनी मदत करणारा माणूस. आमचे हे मिशीवर हात फिरवत खुर्चीत बसले.

"काय झालं गो?"

"नवऱ्याना मारलं," मावशी हसत म्हणाली.

"दोन हात दिलं त काय झालं? भांड्याला भांडं लागतंच. तू काय तरी बोलली असशील ना त्याला?"

हॉलभर हशा पिकला. मीही हसले. मावशी मात्र हसायची थांबली.

"मी काय बोलनार? पोटात पाचवा म्हयना व्हता. मी भाकर थापत व्हते. त्याना लाथ घातली, मी चुलीवर पडले. मंग आजून घातली. मना रगत लागलं. मी शेजारच्या म्हातारीकडं गेले. तिना माजी ओटी भरली आन मना परत पोचवली. रातच्याला पोर गेलं."

पंचवीस वर्षं मी मावशीची शेजारीण, आणि विहिरीवर पाय घसरून पडली, त्यात तिचं पोटातलं पोर गेलं, असंच आम्हाला ठाऊक. आमचे हे खुर्चीतल्या खुर्चीत सरकले, म्हणाले, "मावशे, नाटकातलं बोल ना." मेघाली मावशीच्या बाजूला जमिनीवर बसली आणि नाटक तिथेच थांबवून तिला पाणी पाजलं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की या पोरीला काही तरी येतं.

परतीच्या जीपमध्ये मावशीने मला विचारलं, "रंगू, मी किती पोरी पोचवल्या गो?"

"कोन मोजतंय, मावशे."

"त्यातली राघोची बायको मेली ना मंग? मी पोचवून आले आन म्हयन्यात ती मेली."

मी बाहेर बघत राहिले.

आठवडा नाही झाला, तोच एका दुपारी हेमाली आली. या वेळी चालत आली नाही, भिंत धरत आली. उजवा तळहात भाजून पांढरा पडला होता, कातडी लोंबत होती. भाकरी करपली म्हणून भूपेशने तो तापल्या तव्यावर दाबून धरला होता, बायजाबाई समोर बसलेली असताना. कानातून रक्त येत होतं ते वेगळंच. मी मावशीकडे कोथिंबीर मागायला गेलेले, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं.

मावशीने विचारलं नाही, की तू काय केलंस. हातावर गार पाणी ओतलं, स्वच्छ फडकं गुंडाळलं आणि म्हणाली, "पोरी, मी तुना पोचवनार न्हाय. तुना कुटं जायाचंय?"

हेमालीला ते कळलंच नाही. आमच्याकडे सुनेला असं कोणी विचारत नाही. मावशीने पुन्हा विचारलं तेव्हा ती हुंदका देऊन म्हणाली, "मना जित्ती ऱ्हायाचंय."

मावशीने मेघालीला फोन लावला. मेघाली म्हणाली, मी अंबाडीतच आहे, पोलिसांना घेऊन अर्ध्या तासात पोचते, दार आतून लावा, कोणाला काही सांगू नका.

आणि इथे मावशी चुकली. आमच्या गावात सून घरातून गेली की पहिल्यांदा विहिरी बघतात. गळ टाकतात, माणसं उतरवतात, सासू ऊर बडवते. मावशीला ते सोसेना. बायजाबाई कशीही असली तरी लहानपणची मैत्रीण.

"रंगू, जा आन बायजाला येवढंच सांग, पोर जित्ती हाय, हिरी बगू नको. कुटं हाय त्ये सांगू नको."

मी गेले. तेवढंच सांगितलं, एक शब्द जास्त नाही. पण अख्ख्या गावाला माहीत, की ही रंगू दिवसातून चार वेळा कुणाच्या ओट्यावर बसते! बायजाबाईने माझं तोंड पाहिलं आणि मागे वळून हाक मारली, "भूपेश! गुणीकडं हाय रं!" कुऱ्हाडीचा दांडा घेऊन तो माझ्या अंगावरून धावत गेला. मी त्याच्यामागे पळाले. आमचे हेही पारावरून उठून आले, आणि सोबत पंधरा-वीस माणसं.

हेमाली भिऊन आपणहून बाहेर येईल म्हणून मावशीने तिला आत घालून बाहेरून कडी घातली होती आणि स्वतः दाराला पाठ लावून उभी होती.

"मावशे, बाजूला व्हय."

"न्हाय व्हनार."

आमचे हे पुढे झाले. "मावशे, तमाशा कशाला करतंस? नेमानं ओटी भर आन पोचव. मी हाय ना, मी त्याच्याकडून शब्द घेतो."

"मागल्या येळी मीच घेतलेला शब्द. तिच्या तोंडात बग, किती दात ऱ्हायलेत."

भूपेशने दांडा उचलला. पहिला फटका मावशीने हातावर घेतला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि मनगट भलतीकडेच वाकलं. दुसरा खांद्यावर बसला. तिसऱ्याला ती खाली आली. पण पडली ती उंबऱ्यावर आडवी, आणि कडीला हात घालायला तो तिच्या अंगावरून पुढे झाला तेव्हा तिने चांगल्या हाताने त्याच्या पोटरीला मिठी मारली. त्याने बरगडीत लाथ घातली. ती सोडेना. पुन्हा घातली. आतून हेमाली किंचाळत होती, "मना जाऊ द्या, आजे, मी जाते, मी जाते!" तोंडातून फेस-रक्त येत असताना मावशी म्हणत होती, "आतच ऱ्हा. आतच ऱ्हा." चौथा फटका डोक्यावर बसला, तरी बोटं सुटली नाहीत.

आणि आम्ही वीस माणसं उभी होतो. मीही त्यातच. या खेपेला हातात भारासुद्धा नव्हता.

पोलिसांची जीप आली तेव्हा कुठे दांडा खाली पडला. मेघालीने हेमालीला आमच्यापैकी कुणाकडे न बघता बाहेर काढलं आणि तिला आणि मावशीला, दोघींना भिवंडीच्या दवाखान्यात नेलं. मावशीच्या डोक्याला नऊ टाके, हाताला प्लॅस्टर, दोन बरगड्या मोडलेल्या. हेमालीचा हात वाचला. तिला कुठे ठेवलं, ते मेघालीने कुणाला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. आता न विचारण्याएवढी अक्कल मला आलेली.

चौथ्या दिवशी मावशी जबाब द्यायला पोलीस ठाण्यात आली. मेघाली आधाराला होती, मीही गेले. आमचे हे पाठोपाठ येऊन दारात उभे राहिले. गावात त्यांनी आधीच ठरवलं होतं, की दार ढकलताना म्हातारी पडली, तिला लागलं, मारहाण अशी झालीच नाही. पंधरा-वीस जणांनी मान डोलावली होती.

हवालदाराने विचारलं, "आजी, तुम्ही मध्यस्थ होतात ना?"

"मध्यस्थ व्हते, आजवर. आता न्हाय. मी डोळ्यांनी बगितलं, मी साक्षीदार हाय. आन निरोप मीच धाडला, माजीच चूक. त्ये पन लिवा."

"तुमच्याशिवाय कोणी पाहिलं? बाकी सगळे म्हणतात, तुम्ही पडलात."

मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी मान खाली घातली असती. पण ती टेबलाकडेच बघत बसली, जणू मी तिथे नव्हतेच, आणि ते मला सोसवेना. मी पुढे झाले.

"मी बगितलं."

"नाव?"

"रंगूबाई तुळशीराम."

पेन थांबलं. "पोलीस पाटलांच्या मिसेस?"

"व्हय, त्यांचीच. भूपेशना दांड्यानं चार फटके मारले, लाथा घातल्या. आमचे हे दोन हातावर उभे व्हते. त्यांनी त्याला आडवलं न्हाय, उलट मावशीला म्हनत व्हते, पोरीला पोचव."

दारातून आवाज आला. पंचवीस वर्षं रोज ऐकलेला, खालचा आणि सावकाश.

"तू घरी चल रंगू, मंग दाखवतो तुना."

ठाण्यात सगळ्यांनी ऐकलं. मेघालीने हात हळूच माझ्या पाठीवर ठेवला. मी हवालदाराच्या कागदावर बोट ठेवलं.

"आता जे बोलले, त्ये पन लिवा."