कासवाची उजवी बाजू

सासऱ्यांचं कासव करायचं असं काही सुनेने ठरवलं नव्हतं. ठरवून असलं धाडस करणाऱ्यांतली ती नव्हेच. झालं ते असं, की मुलांच्या पुस्तकासाठी घड्याळं दुरुस्त करणारं एक कासव हवं होतं. तीन आठवडे ती कासवं काढत होती आणि पुसत होती. प्रत्येक कासव दिसायला गोंडस आणि स्वभावाने शुंभ निघत होतं. अशात एका सकाळी तिने कंटाळून मान वर केली, तर समोर खिडकीपाशी सासरे बसलेले. डोळ्याला भिंग, मांडीवर शेजाऱ्यांचं गजराचं घड्याळ उघडलेलं, मान कॉलरमधून पुढे आलेली. आणि ती मान किंचित वळवून ते घड्याळाकडे असे बघत होते, की जणू या घड्याळानेच घरातलं काहीतरी चोरलं असावं. तिने मोबाइल उचलला आणि गुपचूप फोटो काढला.

पुढचं काम म्हणजे तिच्या हातचा मळ. फोटो संगणकात घ्यायचा, फिका करायचा, तळाच्या थरात, म्हणजे लेयरमध्ये, ठेवून हलणार नाही असा बंदिस्त करायचा आणि वर कोरा लेयर घेऊन रेघ ओढायला लागायचं. या चित्रांत रेघ कागदावरच्यासारखी सरसर ओढत नाहीत. एक बिंदू इथे ठेवायचा, एक तिथे, आणि मधली रेघ ताणून हवी तशी वाकवायची. असं चित्र नखाएवढं छापा नाहीतर भिंतीएवढं, कड कुठे फाटत नाही. नवशिके बिंदूंवर बिंदू ठेवत सुटतात आणि मग रेघ खडबडीत होते. सुनेने सासऱ्यांची मान अकरा बिंदूंत बसवली, पाठीवर कवच चढवलं आणि टक्कल होतं तसंच ठेवलं. कासवाला ते शोभूनच दिसलं.

चित्र पुरं झालं तेव्हा ती एकटीच हसली, कारण तो तिरपा कटाक्ष जसाच्या तसा उतरला होता. सासऱ्यांनी चार वर्षांपूर्वी, कंटाळा आला असं सांगून, घड्याळांचं दुकान बंद केलं आणि ते घरी बसले. तेव्हापासून ती हा कटाक्ष झेलत होती. दार उघडलं की तो, चहा पुढे केला की तो. तोंडाने ते कधी वाईट बोलले नाहीत. खरं तर ते काहीच बोलत नसत, आणि तिच्या कामाबद्दल तर चकार शब्द नाही. जेवणाच्या टेबलावर उजव्या हाताशी ठेवलेला कप मात्र महिन्यातून दोनदा तरी कोपराने उडवायचे आणि मुकाट्याने उठून फडकं आणायचे. ते हे मुद्दाम करतात, असं तिचं पक्कं मत होतं. नवऱ्यापाशी तिने एकदा ते बोलूनही दाखवलं होतं, आणि त्यावरून दोन दिवस घरात सगळ्यांची तोंडं तीन दिशांना होती.

पुस्तक छापणाऱ्या संपादकबाईंनी एकच बदल सुचवला. कासवाने डावीकडे नाही, उजवीकडे बघायला हवं. त्यात काय मोठंसं! तिने चित्र आरशातल्यासारखं उलटं केलं, एका क्लिकचं काम, आणि फाइल पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन आला.

"कासव फार छान झालंय," संपादकबाई म्हणाल्या. "पण त्याच्या खाली एक गृहस्थ बसलेत, ते कोण?"

फोटोचा लेयर सुनेने नुसता दिसेनासा केला होता, काढून टाकायचा राहूनच गेला होता. ज्याला हे काम येतं त्याच्याच हातून होणारी ही चूक, आणि ती झाली की माणूस पुराव्यासकट सापडतो.

"माझे सासरे," ती म्हणाली. खोटं सुचेपर्यंत खरं तोंडातून निघून गेलं होतं.

"त्यांना माहीत आहे?"

"नाही."

"मग त्यांची सही लागेल. जिवंत माणसावरून पात्र बेतलं तर त्याची लेखी संमती घ्यायची, असा नियम आहे आमचा. आज चार वाजता आम्ही पात्र पक्कं करणार. सही आली नाही तर दुसऱ्या चित्रकाराचं अस्वल तयार आहे. मला ते अस्वल नकोय हो. पण घ्यावं लागेल."

आठ वर्षं ती दुसऱ्यांच्या पात्रांच्या रेघा साफ करून देत आली होती. कोणाचं माकड, कोणाचं पोलीसदादा मांजर. तिने स्वतः जन्माला घातलेलं हे पहिलं पात्र होतं आणि मुखपृष्ठावर पहिल्यांदाच तिचं नाव येणार होतं. आता ते सगळं त्या खिडकीपाशी बसलेल्या माणसाच्या हातात होतं. 'अडला हरी' अशी म्हण तिला आठवली, पण तिच्यात पुढे कोणाचे पाय धरतात हेही आठवलं आणि तिने ती मनातल्या मनातच गिळली.

संपादकबाईंनी पाठवलेलं संमतीपत्र छापून, लॅपटॉप उचलून ती खिडकीपाशी गेली. एका दमात सगळं सांगून टाकलं. चोरून फोटो काढला, कासव केलं, चारच्या आत सही हवी. सासऱ्यांनी लॅपटॉप जवळ ओढला, मान वळवली आणि पडद्याकडे बघत राहिले. आता स्फोट होणार असं तिला वाटलं.

"भिंग चुकीच्या डोळ्याला लावलंय," ते म्हणाले.

"काय?"

"मी डाव्याला लावतो. इथे उजव्याला आहे. आणि चिमटा डाव्या हातात. असा घड्याळजी एक चाक बसवू शकणार नाही."

चार वर्षांत तिच्या कामाबद्दल ते पहिल्यांदा बोलले होते आणि तेही चूक काढायला. तरी तिला बरं वाटलं.

"मी चित्र उलटं केलं ना, म्हणून तसं झालं," ती म्हणाली. "पुस्तकाची गोष्ट उजवीकडे सरकत जाते. डावीकडे बघणारं कासव गोष्टीतून परत घरी निघाल्यासारखं वाटतं."

ते त्यांना पटलं. यंत्र कसं चालतं ते पटायला त्यांना वेळ लागत नसे.

"मग बघू दे त्याला उजवीकडे. पण भिंग डाव्याच डोळ्याला हवं."

"तसं केलं तर भिंगाचा डोळा पलीकडे जातो आणि उजवा डोळा अलीकडे येतो. मला पुन्हा काढावं लागेल. चालेल की बाबा असंच. लहान मुलांना कुठे कळतंय?"

"लहान मुलांनाच कळतं," सासरे म्हणाले. "चुकीच्या कामावर मी सही करत नाही."

साडेअकरा झाले होते. तिने हात टेकले. "मग थोडा वेळ बसाल का माझ्यासाठी? त्या बाजूने एक फोटो काढते."

"तिकडून नको."

"का?"

"उजेड नाही तिकडे."

उजेड चांगला लख्ख होता. पण त्यांची खुर्ची नेहमी उजव्या अंगाने भिंतीलगत असायची, आणि ती हलवलेली त्यांना खपत नसे. तिने वाद घातला नाही. ते पुन्हा भिंग लावून घड्याळात शिरले, तशी ती पाठीमागून हळूच आली आणि खुर्ची नि भिंत यांच्या फटीत अंग चोरून उभी राहिली. चोरून फोटो काढायची सवय लागलीच होती. मोबाइल तिने त्यांच्या उजव्या गालापासून वीतभर अंतरावर धरला.

ते काम करत राहिले.

तिने मोबाइल आणखी पुढे नेला, अगदी डोळ्यासमोर. पापणीसुद्धा हलली नाही. तिने बोटं हलवून पाहिली. डोळा उघडा होता, तिच्याच दिशेला होता, आणि त्याला काही कळत नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली.

ते एवढे दचकले की चिमटा खाली पडला. "कधी आलीस तू इथे?"

त्यांनी भिंग काढलं, ते रुमालाने पुसलं, पुसलेलंच पुन्हा पुसलं.

"त्या डोळ्याने दिसत नाही मला," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली. आधी धुकं यायचं. मग ते गेलंच नाही."

"म्हणून दुकान बंद केलंत?"

"दुकानात काही अडत नव्हतं. घड्याळाला एकच डोळा लागतो. रस्त्याला दोन लागतात. उजवीकडून आलेली गाडी अंगावर आल्यावरच कळायची मला. दोनदा वाचलो. तिसऱ्यांदा कोणी वाचवेल असं वाटलं नाही."

सुनेला स्वतःची लाज वाटली. अगदी कानापर्यंत गरम करणारी लाज. ते उडालेले कप, ते फडकं, नवऱ्याकडे केलेली कागाळी. तो कटाक्ष कटाक्ष नव्हताच. समोर कोण आहे, आपली सून हसतेय की रागावलीय, हे बघायला ते चांगला डोळा पुढे आणत होते. आणि तिने ते वळण अकरा बिंदूंत नेमकं पकडलं होतं, एका केसाचीही चूक न करता, आणि त्याचा अर्थ मात्र साफ उलटा लावला होता.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर कशाला? वय झालं की जातं काहीतरी. तो उगाच धावाधाव करेल, रजा काढेल." तो म्हणजे त्यांचा मुलगा, तिचा नवरा.

"आणि डावा? तो ठीक आहे ना?"

सासऱ्यांनी खाली वाकून चिमटा शोधायला घेतला. तो जिथे पडला होता तिथे ते शोधत नव्हते. तिने उचलून हातात दिला.

"बाबा, डावा?"

"संध्याकाळी कडेने थोडा धूर दिसतो हल्ली," ते म्हणाले. "फोटो घे. तुझे चार वाजतील."

तिने फोटो घेतला. जेवणं कशीबशी उरकली आणि ती त्यांच्या शेजारीच लॅपटॉप घेऊन बसली. ते प्रत्येक रेघ बघत होते. चिमटा असा नाही, बोटं टोकाशी हवीत. भिंगाची कड पलीकडून एवढीच दिसेल. सूचना संपेनात. अलीकडच्या डोळ्यापाशी आल्यावर ती थांबली.

"हा कसा काढू?"

"मिटलेला काढ. भिंग लावलं की दुसरा डोळा मिटायची सवय असते पुष्कळांना. कोणाला शंका यायची नाही."

तिने पापणी तीन बिंदूंत मिटवली. साडेतीन वाजता कासव झालं. पहिल्यापेक्षा सरस झालं, हे दोघांनाही कळलं. सासऱ्यांनी मान वळवून डाव्या डोळ्याने ते पुष्कळ वेळ पाहिलं.

"हं," ते म्हणाले. "हा करेल दुरुस्त." त्यांनी पेन घेतलं, संमतीपत्र पुढे ओढलं आणि पेन कागदावर टेकवता टेकवता थांबले. "एक मात्र आहे. त्याला सांगायचं नाही."

नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. तोंडाने हो म्हणायचीही गरज नव्हती. घड्याळात पावणेचार झाले होते. सुनेने त्या कोऱ्या ओळीकडे पाहिलं, आठ वर्षं डोळ्यांपुढून गेली, आणि तिने कागद अलगद त्यांच्या पेनाखालून काढून घेतला.

"मग सही नको," ती म्हणाली.

"अगं, तुझं पुस्तक!"

"अस्वल छापतील. तुमचा तोही डोळा गेला, तर मी हे पुस्तक दाखवू कोणाला?"

"फार हट्टी आहेस."

"तुमच्याच घरात राहते."

भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. ते घड्याळ त्यांनीच बसवलं होतं, म्हणून ते मिनिटभरही मागे पडायला तयार नव्हतं. अखेर सासऱ्यांनी हात पुढे केला.

"आण तो कागद. कुठे करायची?"

तिने ओळीच्या सुरुवातीला बोट ठेवलं. त्यांनी तिच्या बोटापासून सुरुवात करून सावकाश, पूर्ण नावाची सही केली. चारला पाच मिनिटं असताना तिने कागदाचा फोटो आणि नवं चित्र पाठवून दिलं. या वेळी तळाचा लेयर तिने काढून टाकला आणि तो खरंच गेलाय ना हे दोनदा तपासलं.

"तो किती वाजता येतो?" सासऱ्यांनी विचारलं.

"साडेसहाला."

"आल्या आल्या नको. त्याला चहा पिऊ दे. मग सांगतो मी."

"मी आत जाऊन बसेन तेव्हा," ती म्हणाली. बापलेकांचं बोलणं, आपण मध्ये कशाला, असं तिला वाटलं.

"नको. तू इथे बस." त्यांनी भिंतीपासून खुर्ची ओढली आणि उजव्या हाताने रिकामी जागा चाचपली. "या बाजूला. इकडे कोणीतरी असलेलं बरं."

साडेसहाला अजून अडीच तास होते. तिने आपली खुर्ची तेव्हाच आणून तिथे ठेवली.